खडूचा रविवार

घरात लग्नाचा मुलगा किंवा मुलगी राहिली, की नातेवाइकांची कुजबुज सुरू होते. आयर्लंडच्या खेड्यांत मात्र कुजबुजीवर भागत नसे. तिथल्या कॅथलिक समाजात ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्ने होत नसत, आपल्या चातुर्मासासारखेच. त्यामुळे त्याआधी लग्नांची एकच घाई उडे. ती वेळ चुकली, की उपवासकाळातल्या पहिल्या रविवारी चर्चला निघालेल्या बिनलग्नाच्या माणसांच्या पाठीवर पोरे हळूच खडूच्या रेघा ओढत. त्या दिवसाला नावच पडले, 'खडूचा रविवार'. कॉर्क आणि केरी भागात तर गावातल्या उरलेल्यांच्या मनाने जोड्या जुळवून थट्टेची कवने रचत. ज्यांची नावे त्यात येत, त्यांना किती हसू येत असेल कोण जाणे!

कारण लग्न राहणे हा त्यांचा दोष थोडाच होता? १८४५ ते १८५२ च्या भीषण दुष्काळानंतर शेतकऱ्यांनी जमिनीचे तुकडे पाडणे बहुतेक बंद केले. शेत एका मुलाला, हुंडा बहुधा एकाच मुलीला. मध्यस्थ बोलणी करी, मुलीकडचे येऊन शेत नि गुरे पारखून जात. सुनेने आणलेला हुंडा पुष्कळदा नणंदेला उजवण्यात खर्ची पडे. हा हिशेब आपल्याकडच्या कित्येक घरांना समजावून सांगायला नको. उरलेली भावंडे अमेरिकेच्या बोटीत बसत, नाहीतर थोरल्याच्या घरी राबत म्हातारी होत. पाठीवरची रेघ त्यांच्याच वाट्याला.

समजुतीही पुष्कळ. मे महिना लग्नाला वाईट, शनिवारही वाईट. नवरीने हिरवे नेसू नये, तो रंग पऱ्यांचा! आपला हिरवा चुडा पाहून तिथली आजी हबकलीच असती.

पश्चिमेकडे लग्नाच्या रात्री गवताचे उंच टोप घालून, तोंडे झाकून आगंतुक पोरे येत, नवरीबरोबर नाचत आणि खाऊनपिऊन जात. त्यांना हाकलायचे नसे.

क्लेअर परगण्यातल्या लिस्डूनवार्ना गावी स्थळे जुळवण्याची जत्रा आजही सप्टेंबरात भरते. आणि लग्नाच्या आदल्या रात्री पाऊस पडू नये म्हणून बाळयेशूची मूर्ती अंगणात किंवा झुडपाखाली ठेवणारी घरे अजून आहेत. मूर्तीचे डोके मोडलेले असले तर फारच उत्तम म्हणे. फक्त ते कुणी मुद्दाम मोडायचे नाही.