चौसष्टांतले एकवीस, पासष्टांतले नऊ

९ ऑगस्ट २००१ च्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश टीव्हीवरून देशाशी बोलले, ते प्रयोगशाळेतल्या पेशींबद्दल. तोवर तयार झालेल्या भ्रूणीय मूलपेशींवरच्या संशोधनाला सरकारी पैसा मिळेल, यापुढे नष्ट होणाऱ्या भ्रूणांच्या पेशींना मिळणार नाही, असा तोडगा त्यांनी काढला. साठहून अधिक पेशीवंश जगात उपलब्ध आहेत, असंही सांगितलं.

पेशीवंश म्हणजे एकाच भ्रूणापासून निघालेल्या आणि काचेच्या बशीत वर्षानुवर्षं वाढत राहणाऱ्या पेशी. त्याच महिन्यात ‘एनआयएच’ या सरकारी आरोग्यसंस्थेने ६४ पेशीवंशांची यादी जाहीर केली. मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे ७ आणि बंगळूरूच्या एनसीबीएसचे ३ त्यात होते. शास्त्रज्ञांच्या हाती मात्र पडले जेमतेम २१. भारतातला त्यांत एकही नव्हता. राजकारणाने तारखेची रेघ ओढली खरी, पण पेशी वाढवणं हे सरकारी फर्मानावर चालणारं काम नाही.

भांडणाला सुरुवात १९९८ मध्ये झाली. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेम्स थॉमसन यांनी टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांतून उरलेले, दात्या जोडप्यांनी दिलेले भ्रूण वापरून मानवी मूलपेशी वेगळ्या केल्या. या पेशी शरीरातली जवळपास कुठलीही पेशी बनू शकतात. त्यासाठी काही दिवसांचा भ्रूण मोडावा लागतो, आणि इथेच गर्भपातविरोधी गटांनी दंड थोपटले. भ्रूण नष्ट करणाऱ्या संशोधनाला सरकारी पैसा देण्यावर अमेरिकेच्या काँग्रेसने आधीच बंदी घातली होती. थॉमसन यांचा प्रयोग झाला तो खासगी पैशावर.

विरोधकांच्या भात्यातला बाण होता प्रौढ मूलपेशींचा. मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेतल्या या पेशी रक्ताच्या कर्करोगावर दशकानुदशकं वापरात होत्या. त्याबद्दल डॉनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेलही मिळालं होतं. मुद्दा बिनतोड होता, पण तो ताणला गेला. प्रौढ पेशींनी बऱ्या होणाऱ्या ६५ आजारांची यादी फिरू लागली. २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तीन शास्त्रज्ञांनी ती तपासून लिहिलं, की पूर्ण कसोटीला उतरलेले उपचार फक्त नऊ आजारांवर आहेत. दुसरी बाजूही काही कमी नव्हती. २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मूलपेशी संशोधनासाठी तीन अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले, ते उपचार दाराशी आल्यासारख्या प्रचारावर.

पक्षांच्या भिंतीही इथे सरळ राहिल्या नाहीत. गर्भपाताचे कट्टर विरोधक असलेले रिपब्लिकन सिनेटर ऑरिन हॅच भ्रूणीय संशोधनाच्या बाजूने होते, तशाच माजी अध्यक्ष रेगन यांच्या पत्नी नॅन्सी रेगनही. तरीही १९ जुलै २००६ रोजी बुश यांनी आपल्या कारकिर्दीतला पहिला नकाराधिकार वापरला, तो भ्रूणीय संशोधनाला सरकारी पैसा खुला करणाऱ्या विधेयकावर. दत्तक घेतलेल्या भ्रूणांतून जन्मलेली मुलं त्या वेळी त्यांच्या सोबत होती. प्रतिमा जबरदस्त होती. टाकून दिल्या जाणाऱ्या भ्रूणांचं काय, हे तिच्यात दिसत नव्हतं.

पुढच्याच महिन्यात क्योटोच्या शिन्या यामानाका यांचा शोधनिबंध आला. उंदराच्या त्वचेतल्या पेशींत चार जनुकं घालून त्यांनी त्या भ्रूणीय पेशींसारख्या केल्या. २००७ मध्ये माणसाच्याही. आता भ्रूण कशाला, असं विरोधक म्हणू लागले. पण यामानाकांनी उमेदवार जनुकं निवडली होती ती मुख्यतः भ्रूणीय पेशींच्या अभ्यासातून.

ओबामांनी २००९ मध्ये निर्बंध सैल केले, तेव्हा प्रौढ पेशींवर काम करणारे दोन संशोधक कोर्टात गेले. अनुदानासाठी आपली स्पर्धा वाढली, हीही त्यांची तक्रार! २०१० मध्ये एका न्यायाधीशाने निधी थांबवला, अपिलात तो पुन्हा सुरू झाला आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये पार्किन्सन्सवरचे दोन छोटे प्रयोग एकाच दिवशी प्रसिद्ध झाले. अमेरिका-कॅनडातल्या १२ रुग्णांच्या मेंदूत भ्रूणीय मूलपेशींपासून बनवलेल्या चेतापेशी सोडल्या होत्या, क्योटोतल्या प्रयोगात यामानाका पद्धतीच्या. दोन्हीकडे पहिली चिंता एकच होती: पेशी तग धरतील का, आणि गाठी तर होणार नाहीत? पेशी टिकल्या, गाठी दिसल्या नाहीत.