विंडोजची डिस्क, लिनक्सचं टर्मिनल

विंडोजवर वापरलेली हार्ड डिस्क लिनक्सला जोडली की बहुतेक वेळा ती आपोआप उघडते. पण सर्व्हरवर, किंवा बंद पडलेल्या संगणकातला डेटा बाहेर काढताना, समोर फक्त टर्मिनल असतं. तिथे माउंट करायला यावंच, असं मला मनापासून वाटतं. डिस्कवर लिहू द्यायचं की नुसतं वाचायचं, हे तेव्हा आपण ठरवतो.

विंडोजच्या डिस्कवर बहुधा एनटीएफएस ही फाइल सिस्टिम असते. १९९३ साली ती विंडोज एनटीबरोबर आली. तिची अंतर्गत रचना मायक्रोसॉफ्टने पूर्णपणे जाहीर केली नाही, त्यामुळे लिनक्सवाल्यांना ती बाहेरून उलगडावी लागली. भरवशाने लिहिता येऊ लागलं ते २००७ च्या सुमारास, एनटीएफएस-३जी आल्यावर. पुढे २०२१ मध्ये कर्नल ५.१५ मध्ये पॅरागॉन कंपनीने लिहिलेला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर दाखल झाला.

आधी डिस्क ओळखायची. ‘एलएसबीएलके -एफ’ दिलं की प्रत्येक पार्टिशनचं नाव, फाइल सिस्टिम आणि लेबल दिसतं. समजा आपलं पार्टिशन ‘एसडीबी१’ आहे. इथे घाई नको. आकार आणि लेबल दोन्ही जुळवून बघा. मग ‘/एमएनटी’मध्ये एक रिकामा फोल्डर करायचा. डिस्कवरचं सगळं याच फोल्डरमधून दिसणार आहे.

आता माउंट. कमांडला ‘सुडो’ लावायचं, ‘-टी’पुढे फाइल सिस्टिमचा प्रकार, ‘-ओ’पुढे पर्याय, मग पार्टिशन आणि शेवटी फोल्डर. पहिल्या वेळी पर्यायात ‘आरओ’ द्या, म्हणजे फक्त वाचन. डिस्क दुसऱ्या कुणाची असेल तर हा नियम मोडूच नये.

लिहिण्यासाठी माउंट करताना अनेकदा नकार मिळतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शटडाउन केल्यावरही कर्नलची अवस्था डिस्कवर साठवलेली असते. पुढच्या वेळी विंडोज ती तशीच उचलून कामाला लागतं. मधल्या काळात आपण फाइली बदलल्या, तर विंडोजच्या आठवणीतली डिस्क आणि खरी डिस्क यांचा मेळ बसत नाही आणि डेटा खराब होतो. केबल तशीच उपटली असेल तेव्हाही पार्टिशनवर ‘डर्टी’ अशी खूण राहते. एनटीएफएस३ला ‘फोर्स’ म्हणून दामटता येतं, पण तसं करू नये. डिस्क पुन्हा विंडोजला लावा, तिथे चेकडिस्क चालवा, फास्ट स्टार्टअप बंद करून नीट शटडाउन करा. विंडोज हाताशी नसेल तर वाचनापुरतं माउंट करून फाइली दुसरीकडे उतरवून घ्या.

दुसरी अडचण मालकीची. एनटीएफएसवर विंडोजच्या खात्यांचे हक्क नोंदलेले असतात; लिनक्सला ती खाती ठाऊक नसतात. म्हणून ‘सुडो’ने एनटीएफएस३ माउंट केलं की सगळ्या फाइली सहसा रूटच्या दिसतात आणि आपल्याला लिहिता येत नाही. ‘आयडी’ ही कमांड देऊन स्वतःचा क्रमांक पाहायचा (पहिल्या वापरकर्त्याचा बहुधा १००० असतो) आणि ‘यूआयडी=१०००’ असा पर्याय जोडायचा.

फाइलींची नावं मराठीत असतील आणि जागोजागी प्रश्नचिन्हं दिसली, तर घाबरू नका. नावं डिस्कवर युनिकोडमध्ये शाबूत असतात. ‘आयओकॅरसेट=यूटीएफ८’ देऊन पुन्हा माउंट केलं की ‘लग्नाचे फोटो’ जसेच्या तसे वाचता येतात.

काम झालं की ‘यूमाउंट’ (स्पेलिंगमध्ये यूनंतर एन नाही). कॉपी संपल्यासारखी दिसली तरी बराच मजकूर अजून मेमरीत असू शकतो. तो या कमांडने डिस्कवर उतरतो. मोठ्या व्हिडिओंनंतर याला मिनिटभर लागलं तरी थांबा. ‘टार्गेट इज बिझी’ असं उत्तर आलं, तर बहुधा आपलंच टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभं असतं. ‘सीडी’ देऊन बाहेर या. तरी सुटेना, तर कोणता प्रोग्रॅम डिस्क धरून बसलाय ते ‘एलएसओएफ’ला त्या फोल्डरचं नाव देऊन विचारा, आणि तो बंद करून पुन्हा ‘यूमाउंट’ द्या.