*मुलांच्या क्रीडा स्पर्धेची वेबसाइट कशी बघायची, त्यातली पीडीएफ कशी उघडायची*



लावणी उरकत आली की शाळांच्या क्रीडा स्पर्धांचे दिवस येतात. म्हणून आज भाताऐवजी वेगळा विषय. पोलादपूरच्या बैठकीत तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला, "सर सांगतात वेबसाइटवर बघा. पण बघायचं कुठं? आणि फाइल तर उघडतच नाही."

माझ्या घरातलंच सांगतो. चुलतभावाच्या मुलीची धावण्याची निवड चाचणी होती. ग्रुपवर आलेला पत्राचा फोटो बघून आम्ही पहाटे गाडी करून निघालो. पोचलो तर मैदान रिकामं! चाचणी आदल्या दिवशीच होऊन गेली होती. तारीख बदलल्याचं पत्र वेबसाइटवर चार दिवस आधी लागलं होतं. पुढच्या वर्षी ती त्या वयोगटात बसली नाही. हुकलेलं पीक पुढच्या हंगामात घेता येतं, पण वयोगट परत येत नाही. म्हणून *फॉरवर्ड झालेल्या फोटोवर थांबू नका, मूळ पत्र स्वतः उघडून बघा.*

*१) खरी वेबसाइट ओळखा*
शालेय स्पर्धा राज्याचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेतं. गुगलमध्ये माइकचं चिन्ह दाबून मराठीत हेच नाव बोला. सरकारी वेबसाइटचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असा संपतो. वर 'प्रायोजित' लिहिलेलं असेल तर ती जाहिरात आहे, ती सोडून खाली या. शालेय स्पर्धेची नोंदणी शाळेमार्फत होते. कोणी वेगळी लिंक पाठवून पैसे मागितले तर आधी क्रीडा शिक्षकांना विचारा.

*२) आत कुठं जायचं*
मोबाइलवर बहुतेक वेळा कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसतात. त्या दाबल्या की यादी उघडते. परिपत्रके, स्पर्धा कार्यक्रम, अर्जाचे नमुने, निकाल असे भाग त्यात बघा. पान इंग्रजीत असेल तर वरच्या बाजूला 'मराठी' बटण आहे का ते शोधा.
आपली पातळीही लक्षात ठेवा. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. आपला रायगड मुंबई विभागात येतो, त्यामुळे जिल्ह्यातून पुढे गेलेल्या मुलांनी मुंबई विभागाचं पत्र बघायचं.

*३) पीडीएफ उघडत नसेल तर*
- रेंज नसेल तर फाइल अर्धवट उतरते आणि उघडत नाही. आपल्या घाटाकडच्या वाड्यांत हेच होतं. पोलादपूर किंवा महाडला बाजाराला आलात की तिथंच डाउनलोड करून घ्या. पूर्ण उतरलेली फाइल घरी रेंजशिवाय उघडते.
- डाउनलोड झाली पण सापडत नाही? मोबाइलमधलं 'फाइल्स' अ‍ॅप उघडा, त्यात 'डाउनलोड' बघा.
- 'उघडता येत नाही' असं आलं तर प्ले स्टोअरवरून गुगल ड्राइव्ह किंवा अ‍ॅडोबी घ्या, दोन्ही फुकट आहेत. फोनची जागा भरली असेल तर जुने व्हिडिओ आधी काढा.
- तक्ता बारीक दिसला तर फोन आडवा धरा, दोन बोटांनी मोठा करा.
- इंग्रजी समजत नसेल तर स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्समध्ये मराठी भाषांतर बघा. तारीख आणि आकडे मात्र मूळ पानावरच तपासा.

*४) पत्रात काय वाचायचं*
सगळी पानं वाचत बसू नका. आधी चार गोष्टी बघा: तारीख-वेळ, ठिकाण, जन्मतारखेची अट, सोबत आणायची कागदपत्रं. शालेय स्पर्धेत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. जन्मतारीख एका दिवसानं चुकली तरी मूल बाद होऊ शकतं, म्हणून आधारवरची आणि शाळेतली तारीख एकच आहे का ते आजच बघा.
त्यानंतर यादीत *'शुद्धिपत्रक'* किंवा *'सुधारित'* असा शब्द शोधा. तसं पत्र असेल तर त्यात बदललेली गोष्टच धरायची. आम्ही नेमकं हेच बघितलं नव्हतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी परत एकदा बघा आणि क्रीडा शिक्षकांना फोन करा.

*५) फाइल जपून ठेवा*
शासन निर्णयाच्या फाइलचं नाव म्हणजे लांबलचक आकडा असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. २०१६०७०१ दिसलं तर १ जुलै २०१६. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाचा शासन निर्णय याच तारखेचा आहे, त्यात नंतर सुधारणाही झाल्या. कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र धरतात ते त्यात दिलेलं आहे. म्हणून मुलांची प्रमाणपत्रं स्कॅन करून गुगल ड्राइव्हवर ठेवा. २०२१ च्या पुरात महाडमध्ये किती घरांतले कागद भिजले, ते आपण बघितलंय.

*सावधान:* फाइलच्या नावाच्या शेवटी 'पीडीएफ' असेल तर तो कागद. 'एपीके' असेल तर ते अ‍ॅप आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'निवड यादी', 'पीएम किसान' अशा नावानं एपीके आली तर हात लावू नका, फोनमधून बँकेचे पैसे जाऊ शकतात.

हीच पद्धत पीक विमा आणि अनुदानाच्या पत्रांनाही लागू आहे. जमत नसेल तर बुधवारी सकाळी संकलन केंद्रावर फोन घेऊन या, सोबत बसून उघडू. घरातल्या पोरांनाही आणा, ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात.

पुढच्या मेसेजमध्ये भातावरचा करपा.

आपला,
कृषी सल्लागार