रिसेप्शनसाठी हॉटेलचा हॉल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हॉटेलचा बँक्वेट हॉल पाहायला गेलेल्या कुटुंबाची नजर आधी झुंबरांकडे जाते आणि मग प्लेटच्या दराकडे. रिसेप्शन नीट पार पडणे मात्र मोकळी जागा, हॉल ताब्यात मिळण्याची वेळ आणि प्रकाशयोजना यांवर अवलंबून असते.

गैरसमज: माहितीपत्रकात 400 ची क्षमता असेल, तर 400 पाहुणे आरामात मावतात.

वस्तुस्थिती: हा आकडा बहुधा नुसत्या खुर्च्या ओळीने मांडल्या तर किती माणसे बसतील, याचा असतो. त्या मांडणीत माणशी सुमारे 10 चौरस फूट पुरतात. गोल टेबलांना 12 ते 15 लागतात. 4,000 चौरस फुटांच्या हॉलमधून स्टेज, बुफे आणि डीजेसाठी 1,000 वजा केले, तर उरलेल्या जागेत माणशी 15 प्रमाणे 200 जणच टेबलाशी बसू शकतात. मराठी रिसेप्शनला पाहुणे येतात, भेटतात, जेवतात आणि निघतात, त्यामुळे सगळे एकाच वेळी हॉलमध्ये नसतात. म्हणून आमंत्रितांची एकूण संख्या आणि ऐन गर्दीच्या वेळची संख्या वेगवेगळी मोजावी.

गैरसमज: स्टेज जितके भव्य, तितके चांगले.

वस्तुस्थिती: स्टेजवर खरी कसोटी रांगेची असते. 150 कुटुंबांना शुभेच्छा आणि फोटोसाठी प्रत्येकी 1 मिनिट दिले, तरी अडीच तास जातात. एका बाजूने चढायला आणि दुसऱ्या बाजूने उतरायला पायऱ्या, वृद्धांसाठी कठडा आणि बुफेच्या वाटेत न येणारी रांग, एवढे जमले की पाहुणे ताटकळत नाहीत.

गैरसमज: प्लेटचा दर गुणिले पाहुणे, म्हणजे एकूण खर्च.

वस्तुस्थिती: दरावर जीएसटी वेगळा लागतो. तो 18 टक्के असेल, तर 1,500 रुपयांची प्लेट 1,770 रुपयांना पडते. शिवाय ‘मिनिमम गॅरंटी’ असते: 300 प्लेट कबूल केल्या आणि 240 जण जेवले, तरी पैसे 300 चेच द्यावे लागतात. त्यामुळे हमीचा आकडा अपेक्षेपेक्षा थोडा कमी ठेवून जादा प्लेटचा दर आधीच ठरवून घ्यावा.

गैरसमज: भरपूर फुले लावली की हॉल खुलतो.

वस्तुस्थिती: फुले खुलतात ती प्रकाशामुळे. 2,700 ते 3,000 केल्व्हिनच्या उबदार पिवळसर प्रकाशात पैठणीचा काठ आणि चेहरे दोन्ही चांगले दिसतात. निळे-जांभळे दिवे थेट स्टेजवर सोडले, तर फोटोत त्वचेचा रंग बिघडतो. रंगीत दिवे भिंतींपुरतेच ठेवावेत. छत बुटके असेल, तर वरून लोंबणाऱ्या माळांनी हॉल आणखी बुटका वाटतो. मोगरा काही तासांतच तपकिरी पडू लागतो. शेवंती, कार्नेशन आणि ऑर्किड तुलनेने अधिक टिकतात.

गैरसमज: हॉल भाड्याने घेतला की सजावट हवी तशी करता येते.

वस्तुस्थिती: भिंतीला खिळे किंवा चिकटपट्टी लावायला हॉटेले सहसा मनाई करतात, त्यामुळे सजावट स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर उभी राहते. पडदे आपत्कालीन दारांवर किंवा स्प्रिंकलरवर येता कामा नयेत. कृत्रिम धुराने धूरसूचक वाजू शकतो. त्याच हॉलमध्ये होम करायचा असेल, तर हॉटेलला आधी विचारणे आवश्यक आहे. दुपारी तिथे दुसरा कार्यक्रम असला, तर सजावटीला जेमतेम दोन-तीन तास मिळतात. अशा वेळी सांगाडा आधी बांधून आणावा लागतो.

गैरसमज: बंद हॉलमध्ये रात्रभर कितीही मोठ्याने गाणी लावता येतात.

वस्तुस्थिती: 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकावर बंदी आहे. आतल्या आत वापरासाठी बंद बँक्वेट हॉलला सूट मिळते. हॉटेलच्या उघड्या लॉनला ती लागू होत नाही. हॉलचा आवाजही परिसराच्या हद्दीवर मर्यादेत राहावा लागतो.

हॉल मिळण्याची आणि रिकामा करण्याची वेळ, हमीचा आकडा, कर, बाहेरच्या सजावटकाराचे शुल्क आणि संगीत बंद करण्याची वेळ, हे सर्व आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लेखी घ्यावे.