विळीला म्यान, झाकणांना स्प्रिंग

हिंगोलीत संसार मांडला तेव्हा भाड्याच्या दोन खोल्या आणि जेमतेम हातभर ओटा होता. पातेली, डबे मांडणीवर निमूट बसायचे. छळ होता तो विळी, लाटणं, झारा, रवी आणि ढीगभर झाकणांचा. ही मंडळी धड उभी राहत नाहीत, धड एकावर एक बसत नाहीत!

विळी मी ओट्याखाली भिंतीला टेकवून ठेवायचे. एकदा लाईट गेली. सासूबाई मेणबत्ती शोधायला आल्या अन् पातं थेट पायाला लागलं. चार टाके पडले. त्यांना साखरेचा त्रास, जखम भरायला दीड महिना गेला. "असू दे गं," एवढंच म्हणाल्या. पण मला रात्री झोप लागेना.

त्याच आठवड्यात विळीला म्यान केलं. झाडांना पाणी घालायची रबरी नळी पात्यापेक्षा दोन बोटं जास्त कापायची. कात्रीनं एका बाजूनं उभी चिरायची आणि ती चीर धारेवर बसवून वरून चिंधीनं बांधायची. टोकाच्या खवणीला मुलांच्या फुटक्या चेंडूची टोपी. पातं मात्र आधी कोरडं पुसून तेलाचं बोट फिरवा, नाहीतर आतल्या आत गंजतं.

झाकणांसाठी पडद्याची स्प्रिंग आणली. कपाटाच्या दाराला आतून दोन हुकांत ती ताणून लावायची. झाकण स्प्रिंगच्या मागे सरकवलं की त्याची मूठ वर अडकते आणि झाकण लटकून राहतं. बिनमुठीची ताटली मात्र धाडकन खाली येते, अनुभवाचे बोल!

लाटणं, झारा, रवी यांना तेलाचा पाच लिटरचा कॅन. गळा कापा, कडेला जुन्या साडीचा काठ शिवा, बुडाला भोकं पाडा आणि आत चार धुतलेले दगड ठेवा, म्हणजे कलंडत नाही.

आणि आपल्याकडची हळद! वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गावाकडून पोतंभर हळकुंडं आली की ठेवायची कुठे, हा प्रश्न तसाच. मी दोन महिन्यांपुरतीच दळते. हळकुंड मोडून बघायचं. कटकन आवाज आला तर वाळलेलं, वाकलं तर पुन्हा उन्हात. दळलेली हळद काचेच्या बरणीत खिडकीपाशी ठेवू नका, उजेडानं रंग उडतो. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा बरा.

राहता राहिला पाटा-वरवंटा. तो दाराआडच आहे. "माझ्या सासूचा आहे, हलवायचा नाही," म्हणतात सासूबाई. सध्या त्यावर गहू निवडायचं सूप ठेवलंय.