जुना रेडिओ खरखरतो का?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील आरसीए कंपनी ‘एआर-८८’ नावाचा संदेशग्राहक रेडिओ बनवीत असे. त्यात १४ व्हॉल्व्ह होते. असा संच आज चालू केला, की पुष्कळदा खरखरच फार ऐकू येते. मग संच म्हातारा झाला असे समजायचे का? थांबा. शिक्षकांच्या देखत एक प्रयोग करा.

लघुलहरींवर केंद्र नसलेली जागा लावा आणि एरियलची तार सोडवा. खरखर एकदम कमी झाली, तर ती बाहेरून येत आहे. संच निर्दोष आहे. आता आवाज वाढवून उपयोग नाही, कारण संदेशाबरोबर खरखरही वाढते. महत्त्व आहे ते दोहोंच्या गुणोत्तराला.

ही खरखर येते कोठून? चार्जर आणि एलईडी दिवे यांतील मंडले सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि रेडिओलहरी फेकतात. एकेक उपकरण बंद करून पाहा, चोर सापडेल! मग सुमारे १० मीटर तार घरापासून दूर, उंच बांधा. विजेच्या तारांजवळ मात्र मुळीच नको. तेथून संचापर्यंत डिश अँटेनाची केबल आणा. तिचे धातूचे आवरण घरातील खरखर अडवते.

वेळही पाळा. दिवसा आयनांबराचा खालचा थर कमी वारंवारतेच्या लहरी शोषतो. म्हणून दूरची केंद्रे दिवसा साधारण १० मेगाहर्ट्झच्या वर, तर रात्री त्याखाली शोधा.

संच उघडू नका. आत २०० व्होल्टहून अधिक दाब असतो. वादळात एरियल आधीच सोडवून ठेवा. पाहिलेत ना? बरीचशी दुरुस्ती संचाबाहेरच असते!