बाष्परोधक पडदा भिंतीच्या कुठल्या बाजूला?

घराला मागच्या बाजूने एक खोली वाढवायची म्हटलं की आपली चर्चा पाया, स्लॅब, खिडक्या आणि खर्च इथेच फिरत राहते. भिंतीच्या आत काय भरायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि बहुतेक वेळा दुकानदारावर सोडून दिला जातो. आजच्या व्याख्यानात आम्ही नेमकं तेच बोलणार आहोत. जिप्सम बोर्ड कुठला घ्यायचा, आणि त्याच्यामागे जो प्लास्टिकचा पातळ पडदा लावतात तो लावायचा की नाही, लावायचा तर कुठल्या बाजूला. आपले अनेक श्रोते इंग्लंड-कॅनडात आहेत, तिथे हा प्रश्न रोजचा आहे. कोकणात आणि मुंबईत तो आता येऊ लागलाय, आणि तिथे त्याचं उत्तर बरोबर उलटं आहे. म्हणून दोन्हीकडचं बोलू.

आधी बोर्डाबद्दल. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि त्याच्या स्फटिकातच पाणी बांधलेलं असतं, वजनाच्या साधारण २१ टक्के. ब्रिटनमध्ये २४०० बाय १२०० मिलिमीटरचा, साडेबारा मिलिमीटर जाडीचा बोर्ड मिळतो. त्या एका बोर्डात मिळून चार-पाच लिटर पाणी दडलेलं असतं म्हणा ना! हात लावला तर बोर्ड कोरडा ठणठणीत. आग लागली की हे पाणी वाफ होऊन निघतं, आणि ते निघून जाईपर्यंत बोर्डाची मागची बाजू शंभर अंशांच्या फार वर जात नाही. आगीपासून मिळणारं संरक्षण मुख्यतः यातूनच येतं. गुलाबी रंगाच्या बोर्डात काचेचे धागे वगैरे घालतात, ते पाणी निघून गेल्यावरही बोर्ड भुगा होऊन पडू नये म्हणून.

आता हिरवा बोर्ड. याच्याबद्दलचा गैरसमज फार पसरलेला आहे. हिरवा बोर्ड म्हणजे ‘वॉटरप्रूफ’ असं समजून लोक तो न्हाणीघरात शॉवरच्या मागे लावतात आणि वरून टाइल चिकटवतात. तो ओल उशिरा शोषतो, एवढंच. रोज पाणी अंगावर घ्यायची त्याची तयारी नसते. शॉवरच्या मागे सिमेंटचा बोर्ड वापरावा आणि टाइलच्या खाली पाणी अडवणारा लेप द्यावा. दुसरी गोष्ट, बोर्ड पांढरा असो की हिरवा, त्याच्या दोन्ही अंगाला कागद असतो. कागद म्हणजे बुरशीचं जेवण. आणि तिसरी, जी आजच्या विषयाला सगळ्यात जवळची: रंग न दिलेल्या बोर्डातून पाण्याची वाफ जवळजवळ बिनअडथळा आरपार जाते. बोर्ड वाफेला भिंत वाटतच नाही.

ही वाफ येते कुठून? चार माणसांचं घर दिवसाला आठ-दहा लिटर पाणी हवेत सोडतं. श्वास, घाम, आंघोळ, कुकरच्या शिट्ट्या, आणि थंड देशात घरातच वाळत घातलेले कपडे. ती दिसत नाही म्हणून तिची दखल घेतली जात नाही.

इंग्लंडमधली जानेवारीतली एक रात्र घेऊ. खोलीत २० अंश, आर्द्रता ६० टक्के. बाहेर २ अंश, आर्द्रता ९० टक्के. आकडे बघून वाटेल की बाहेर ओल जास्त आहे. तसं नाही. गार हवेत वाफ मावतच नाही फारशी. हिशेब केला तर आतल्या वाफेचा दाब निघतो सुमारे १४०० पास्कल आणि बाहेरच्या वाफेचा सुमारे ६३५. म्हणजे वाफ आतून बाहेर ढकलली जातेय. आतल्या हवेचा दवबिंदू १२ अंश. भिंतीच्या जाडीत जिथे कुठे तापमान १२ अंशांच्या खाली जातं, तिथे पोचलेली वाफ पाणी होते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना, तेच भिंतीच्या पोटात.

विटांच्या जुन्या भिंतीला हे पचतं. ती ओल शोषते, उन्हाळ्यात सोडते. पण आजची वाढीव खोली बहुतेकदा लाकडी सांगाड्याची असते, निदान तिचं छप्पर तरी. मध्ये लोकर किंवा फोमचं उष्णतारोधक. लाकडातली ओल बराच काळ २० टक्क्यांच्या वर राहिली की कुजण्याचा धोका सुरू होतो, आणि हे सगळं रंगवलेल्या बोर्डामागे, आपल्याला न दिसता चालू असतं. वास येईपर्यंत तुळई मऊ झालेली असते.

म्हणून तिथे पडदा. उष्णतारोधकाच्या उबदार बाजूला, म्हणजे खोलीच्या बाजूला, बोर्डाच्या लगेच मागे पॉलिथिनचा पडदा लावायचा. ५०० गेजचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग जाडीचा, एवढा पुरतो. उलट बाहेरच्या बाजूला असा थर हवा की जो पावसाचं पाणी अडवेल पण वाफ जाऊ देईल. ब्रिटनमध्ये लाकडी सांगाड्याच्या कामात एक जुना ठोकताळा आहे: आतला थर बाहेरच्या थरापेक्षा वाफेला निदान पाचपट अडवणारा असावा. आत शिरलेलं थोडंफार बाहेर जाऊन वाळलं पाहिजे, हा त्यातला मुद्दा. दोन्ही बाजूंना प्लास्टिक लावून ‘डबल सेफ्टी’ करणारे कारागीर भेटतात. त्यांना हात जोडून थांबवा. चुकून आत आलेलं पाणी मग कुठूनच निघत नाही.

पण खरं सांगायचं तर पडदा किती जाड यापेक्षा तो किती अखंड हे कितीतरी महत्त्वाचं आहे. जोसेफ लस्टिब्युरेक या कॅनेडियन अभियंत्याच्या संस्थेने हा फरक समजवायला एक उदाहरण प्रसिद्ध केलं. थंड प्रदेशात हिवाळ्याच्या एका हंगामात जिप्सम बोर्डाच्या एका अख्ख्या पत्र्यातून वाफ झिरपून पार जाते ती सुमारे ३०० मिलिलिटर पाण्याइतकी. त्याच पत्र्याला एक चौरस इंचाचं भोक पाडा, तर हवेबरोबर वाहून जातं ते जवळजवळ २८ लिटर. शंभरपट म्हणायला हरकत नाही! आता आठवा, वायरमन येऊन पडद्याला किती भोकं पाडतो. स्विचचे डबे, छतातले दिवे, पाइप. वाढीव खोलीच्या छतात गोल दिव्यांची रांग करायची फॅशन आहे, आणि प्रत्येक दिवा म्हणजे एक धुराडंच. आमचं मत असं की छतात दिवे हवेच असतील तर पडद्याच्या आणि बोर्डाच्या मध्ये २५ मिलिमीटरच्या पट्ट्या मारून पोकळी ठेवावी आणि सगळ्या वायरी त्या पोकळीतून न्याव्यात. पडद्याला मग कोणी हातच लावत नाही. सांधे १०० ते १५० मिलिमीटर एकमेकांवर घेऊन टेप मारायची. फोमला आधीच फॉइल असेल तर सांध्यांना फॉइलची टेप मारली तरी तेच काम होतं, वेगळा पडदा लागत नाही.

सपाट छपराचं थोडक्यात सांगतो. उष्णतारोधक तुळयांच्या मध्ये भरला तर त्याच्या वर ५० मिलिमीटर वाहती हवा ठेवावी लागते, आणि ती घराला चिकटलेल्या खोलीत एका टोकाला हमखास अडते. त्यापेक्षा उष्णतारोधक फळ्यांच्या वर टाका, पडदा त्याच्या खाली. पैसे जरा जास्त जातात, पण लाकूड उबदार राहतं.

आता दुसरी बाजू. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हरच्या परिसरात, १९८० आणि ९०च्या दशकांत बांधलेल्या लाकडी सांगाड्याच्या शेकडो इमारती आतून कुजल्या. मुख्य दोष पावसाचा होता. छज्जे नाहीत, बाहेरच्या गिलाव्याला वाळायला वाट नाही, खिडक्यांच्या कडांतून पाणी आत. पण आत शिरलेलं पाणी खोलीकडे वाळू शकलं नाही, कारण तिथे नियमाप्रमाणे पॉलिथिन होतं. १९९८मध्ये प्रांताचे माजी प्रीमियर डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. तोवर आयुष्यभराची बचत घरात घातलेली कुटुंबं दुरुस्तीच्या बिलाखाली बुडाली होती. पडद्याने पाऊस थांबत नाही. आधी पाऊस बाहेर ठेवा, मग वाफेचा विचार करा, हा क्रम बदलता येत नाही.

आणि पाऊस म्हटला की कोकण आलंच. रत्नागिरीत किंवा अलिबागेत जुन्या चिऱ्याच्या घराला वर किंवा मागे एक खोली काढायची, आतून जिप्सम बोर्ड, एसी, अशी हल्ली पद्धत पडतेय. जुलैतला दिवस घ्या. बाहेर २९ अंश, आर्द्रता ८५ टक्के. आत एसी लावून २४ अंश, ५५ टक्के. बाहेरच्या वाफेचा दाब सुमारे ३४०० पास्कल, आतल्या वाफेचा सुमारे १६४०. फरक इंग्लंडच्या हिवाळ्यातल्या फरकाच्या दुपटीहून जास्त, आणि दिशा उलटी! वाफ बाहेरून आत येतेय. बाहेरच्या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या वर. आता परदेशी व्हिडिओ बघून कोणी बोर्डाच्या मागे पॉलिथिन लावलं, तर त्या पॉलिथिनचं तापमान खोलीइतकं, २४-२५ अंश. बाहेरून आलेली वाफ बरोबर त्याच्यावर पाणी होऊन बसणार. प्लास्टिकचा वॉलपेपर किंवा ऑइल पेंटही हेच करतो. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या दमट भागातल्या हॉटेलांत व्हिनाइल वॉलपेपर सोलला की मागे बुरशीचा काळा-गुलाबी नकाशा निघायचा, तो याच कारणाने.

म्हणून कोकणात आतल्या बाजूला पडदा नको, वॉलपेपर नको. साधा पाण्यातला रंग द्या, म्हणजे भिंत खोलीकडे वाळत राहील. वाफ अडवायची ती बाहेरच्या अंगाने, आणि त्याहून आधी छज्जा रुंद करा. चिऱ्याच्या ओल्या भिंतीवर थेट बोर्ड चिकटवणं तर मुळीच नको. तिथे ओल झाकली जाते आणि वाळवीला आयतं घर मिळतं. मध्ये पोकळी, लाकडी पट्ट्यांऐवजी जस्ताच्या मुलाम्याचा पत्र्याचा सांगाडा, आणि खालच्या दोन-तीन फुटांत सिमेंटचा बोर्ड. बोर्ड कुठलाही असो, जमिनीपासून १० ते १५ मिलिमीटर उचलून लावा, नाहीतर फरशी पुसतानाचं पाणी तो वर ओढत बसतो. पुण्या-नाशकात एसी दोन महिने आणि हवा कोरडी, तिथे पडद्याचा विचारच करू नका. बोर्डावर आयएस २०९५ची खूण बघून घ्या आणि पुढच्या कामाला लागा.

दोन्हीकडच्या लोकांना एक काम मात्र सारखंच आहे. बोर्ड ठोकून भिंत बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी स्वतः जा. मिस्त्री घाईत असेल, असू दे. प्रत्येक सांधा, प्रत्येक वायरीचं भोक मोबाइलवर टिपा, फोटोत शेजारी मापाची पट्टी धरा. पाच वर्षांनी कोपऱ्यात डाग दिसला तर कुठे कापायचं हे तेव्हा त्या फोटोंवरूनच कळेल.